शिक्षेचे माप

आरोपीने गुन्हा केला की नाही हे ठरवणे आणि केला असेल तर त्याला किती शिक्षा द्यायची हे ठरवणे, ही न्यायाधीशाची दोन निराळी कामे आहेत. पहिल्या कामासाठी पुराव्याचे नियम, उलटतपासणी, शंकेचा फायदा अशी भक्कम चौकट उभी राहिली. दुसऱ्या कामाला अशी चौकट फार उशिरा मिळाली, आणि जी मिळाली ती आजही अपुरी आहे. निकालपत्रात दोषसिद्धीची चर्चा शंभर पानांची असते आणि शिक्षेची दोन पानांत आटोपते, हे न्यायालयात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. दोषी ठरलेल्या माणसाचे पुढचे आयुष्य मात्र या शेवटच्या दोन पानांवर अवलंबून असते. मराठी मुलखात या दोन पानांचा इतिहास कसा घडत गेला, शिक्षेतील तफावत कोणत्या काळी कशामुळे पडत होती आणि ती कमी करण्याचे प्रयत्न कुठवर पोचले, हे पाहू लागले की पेशवाईपासून आजपर्यंतचा एक सलग धागा हाती येतो.

शिक्षा माणूस पाहून द्यावी की गुन्हा पाहून, हा वाद धर्मशास्त्राइतका जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीने दंडाचे चार प्रकार सांगितले: समज देणे, धिक्कार करणे, द्रव्यदंड आणि वध, म्हणजे शरीराला होणारी शिक्षा. दंड ठरवताना अपराध, देश, काळ, बळ, वय, कर्म आणि संपत्ती यांचा विचार करावा, असेही तिथे म्हटले आहे. आजच्या न्यायालयाने आपल्यासमोर ठेवावी अशीच ही यादी आहे. परंतु त्याच परंपरेत वर्णानुसार शिक्षा बदलत असे, आणि ब्राह्मणाला देहदंड नाही हा दंडक तर बहुतेक शास्त्रकारांना मान्य होता. मनुस्मृतीने चोरीच्या बाबतीत उलटा हिशेबही मांडला आहे. शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट दोष, कारण जाणत्याचा अपराध मोठा. पुढच्या काळातील व्यवहारात यातले ब्राह्मणाच्या सवलतीचे वचन पाळले गेले. चौसष्टपटीचे वचन पोथीतच राहिले.

मराठेशाहीत फौजदारी न्याय देणारी यंत्रणा एकसंध नव्हती. गावात पाटील, परगण्यात मामलेदार, त्यावर सरसुभेदार, आणि पुण्यात न्यायाधीश व खुद्द पेशवे अशी उतरंड होती. वतनाच्या आणि वारशाच्या वादांत गोतसभा बसे, महजर होई, दिव्यही घेतले जाई. दिवाणी वादात जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल होई. फौजदारी अपराधात दंडाला गुन्हेगारी हेच नाव होते आणि ती सरकारच्या जमाखर्चात उत्पन्नाची एक बाब म्हणून दाखवली जात असे. याचा शिक्षेच्या मापावर थेट परिणाम होई. ज्याच्याकडून पैसा निघू शकतो त्याला दंड आणि ज्याच्याकडून निघत नाही त्याच्या शरीरावर शिक्षा, अशी विभागणी आपोआप झाली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल मक्त्याने दिले जाऊ लागले. मक्ता भरून काढायचा तर गुन्हेगारीची रक्कम वाढली पाहिजे, आणि ती वाढवणारा अधिकारीच न्यायनिवाडा करणारा. या व्यवस्थेत रयतेचे काय झाले असेल याची कल्पना करता येते.

राजदंडाबरोबर ब्रह्मदंडही असे. एखाद्या अपराधात सरकारी दंड भरल्यावरही माणूस जातीबाहेरच राही. ब्रह्मसभेने सांगितलेले प्रायश्चित्त घेऊन, शुद्धिपत्र मिळवून, गोताला जेवण घालून तो पुन्हा पंक्तीत बसू शके. एका अपराधाला अशा दोन-तीन शिक्षा होत आणि त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठरत. व्यभिचाराच्या आरोपात दोषी धरलेल्या बायकांना बटीक करून सरकारी कामाला लावण्याची किंवा किल्ल्यावर अडकवण्याची चाल पेशवे दप्तरातील कागदांत दिसते. त्याच प्रकरणातील पुरुष पुष्कळदा दंड भरून सुटे.

या साऱ्याचे सर्वांत उपयुक्त वर्णन जिंकणाऱ्याच्या लेखणीतून आलेले आहे, म्हणून ते जपून वाचावे लागते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात तो नोंदवतो की फौजदारी बाबतीत लिखित कायदा असा नव्हता. वहिवाट आणि सोय पाहून शिक्षा होई. विशेष क्रौर्य नसेल तर खुनाला बहुधा दंडच केला जाई. वाटमारीला मात्र मृत्यू ठरलेला, कारण वाटमारी करणारे बहुतेक खालच्या समजल्या गेलेल्या जातींचे असत. गुन्ह्याच्या स्वरूपापेक्षा गुन्हेगाराच्या जातीने शिक्षेत अधिक फरक पडे, हे त्याचे निरीक्षण आहे. बऱ्यापैकी जातीच्या माणसाला राज्याविरुद्धच्या अपराधाखेरीज सहसा ठार मारत नसत. स्त्रियांना देहान्त नव्हता, पण नाक-कान कापणे होते. हातपाय तोडणे सर्रास चाले, आणि डोंगरी किल्ल्यावरची बेडीसह कैद बऱ्याचदा मृत्यूइतकीच घातक ठरे. राजद्रोहाला क्षमा नव्हती. विठोजी होळकराला १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिले गेले.

नव्या राज्याची भलामण करण्यासाठी जुन्याला काळे रंगवण्याचा मोह एल्फिन्स्टनच्या बऱ्याच सहकाऱ्यांना होता. त्याला स्वतःला तो कमी होता. पंचायतीच्या पद्धतीबद्दल त्याने आदराने लिहिले आहे. म्हणून जातीवरून शिक्षा बदलते हे त्याचे म्हणणे हलक्यात घेता येत नाही, आणि मराठी कागदपत्रांतूनही त्याला पुष्टी मिळते.

न्यायाचा बाणा या काळात नव्हता असे नाही. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून त्यांच्या जागी पेशवा झालेल्या चुलत्याला, रघुनाथरावाला, दोषी धरले आणि या पापाला देहान्त प्रायश्चित्तच आहे असे तोंडावर सांगितले. परंतु शिक्षा सुनावणे आणि तिची अंमलबजावणी करणे यांत सत्ता उभी होती. शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले. रघुनाथरावाची गादी गेली ती न्यायाधीशाच्या शब्दाने नव्हे, बारभाईंच्या राजकारणाने. सत्ताधीशाला शिक्षेच्या मापाखाली आणण्याची सोय त्या राज्यपद्धतीत नव्हती, आणि म्हणूनच रामशास्त्र्यांचे नाव एवढे झळाळते.

१८१८ नंतर पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड असे जिल्हे करून कलेक्टरांच्या हाती न्याय देण्यात आला. पुण्यात रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज, धारवाडला चॅपलिन. प्रत्येकाने जुनी वहिवाट चालवायची आणि जे इंग्रजांना अमानुष वाटे ते टाळायचे, असा तात्पुरता मार्ग होता. तो फार काळ टिकणार नव्हता. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना १८२७ मध्ये नियमांचा संच तयार झाला. त्यातला चौदावा नियम म्हणजे मुंबई इलाख्याची दंडसंहिता. बंगाल व मद्रासमध्ये अजून इस्लामी फौजदारी कायदा दुरुस्त्या करून चालवला जात होता. मुंबई इलाख्याने मात्र गुन्हे आणि त्यांच्या शिक्षा एका ठिकाणी लिहून काढल्या. कागदावर तरी जात हा निकष पुसला गेला. मराठी मुलखातील हा बदल नीट लक्षात घेतला जात नाही. हा कायदा परक्यांनी लादला, त्यामागे त्यांचा स्वार्थ होता, हे सगळे खरे. तरीही खुनाला काय आणि चोरीला काय, हे अपराध्याचे कूळ न विचारता लिहून ठेवण्याची ती सुरुवात होती.

तफावत त्यामुळे मिटली नाही, तिने जागा बदलली. आता ती इलाख्या-इलाख्यांत पडू लागली. १८३३ च्या कायद्याने नेमलेल्या विधी आयोगाचा अध्यक्ष मेकॉले होता आणि मुंबईतर्फे जी. डब्ल्यू. अँडरसन सदस्य होता. दंडसंहितेचा मसुदा १८३७ मध्ये गव्हर्नर जनरलकडे धाडताना आयोगाने ही विसंगती उदाहरणांनी दाखवली. बंगालमध्ये गंभीर बनावट दस्तऐवजाला खोट्या साक्षीच्या दुप्पट कैद; मुंबईत नेमके उलट, खोट्या साक्षीला बनावट दस्तऐवजाच्या दुप्पट; मद्रासेत दोन्ही गुन्हे सारखे. कैदी पळाला तर मुंबईत इतर दोन इलाख्यांच्या दुप्पट शिक्षा, पण खोटी नाणी पाडणाऱ्याला त्यांच्या निम्म्याहून थोडीच अधिक. शिवाय मुंबई बेटावरच्या सुप्रीम कोर्टात इंग्लंडचा कायदा चाले. खाडी ओलांडली की गुन्ह्याचे वजन बदले.

भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिने देशभर एकच माप आणले, परंतु ते वरच्या टोकाचे माप होते. ‘इतक्या वर्षांपर्यंत’ हा तिच्या कलमांचा साचा. चोरीला तीन वर्षांपर्यंत, म्हणजे एक दिवसही चालेल. जीवघेण्या हत्यारासह केलेल्या दरोड्यासारख्या मोजक्या गुन्ह्यांनाच किमान सात वर्षांची अट होती. एकाच व्याख्येत बसणारे दोन गुन्हे प्रत्यक्षात किती वेगळे असतात हे संहिता करणाऱ्यांना माहीत होते. भुकेने भाकरी चोरणारा आणि पेढी फोडणारा, दोघेही चोरच. म्हणून खालची मर्यादा मोकळी ठेवणे शहाणपणाचे होते. मात्र त्या मोकळ्या जागेत न्यायाधीशाने कसे वागावे, कोणती बाब किती मोजावी, याबद्दल संहितेने काहीच सांगितले नाही. पुढच्या दीडशे वर्षांतील बहुतेक वाद या मौनातून निघाले आहेत.

या मोकळ्या जागेत वसाहतीची व्यवस्था शिरली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे पहिल्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट दोन वर्षांपर्यंत, दुसऱ्या वर्गाचा सहा महिने आणि तिसऱ्या वर्गाचा एक महिना कैद देऊ शके. चोरी तीच, पण कोणाच्या टेबलावर गेली त्यावर तिची कमाल शिक्षा ठरे. गोऱ्या आरोपींसाठी वेगळी व्यवस्था होती आणि ती काढायला निघालेल्या इल्बर्ट विधेयकावर १८८३ मध्ये केवढे काहूर माजले ते प्रसिद्ध आहे.

आणि जातीचा निकष, जो १८२७ मध्ये पुसला गेला होता, तो गुन्हेगार जमाती कायद्याच्या रूपाने परत आला. १८७१ चा हा कायदा १९११ च्या नव्या आवृत्तीने मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, भामटा, कैकाडी, मांग गारुडी अशा जमातींना अधिसूचित केले गेले, हजेरी लावली गेली, सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांच्या वसाहती झाल्या. शिक्षेच्या दृष्टीने त्यातले सर्वांत कठोर कलम असे की नेमून दिलेल्या गुन्ह्यांत या जमातीचा माणूस दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षे, आणि तिसऱ्यांदा ठरला तर जन्मठेप काळे पाणी. शेजारच्या गावातील कुणबी किंवा वाणी त्याच गुन्ह्यात पकडला गेला तर त्याला हे कलम लागू नव्हते. एल्फिन्स्टनने वाटमारीच्या शिक्षेबद्दल जे लिहिले त्यात आणि यात तत्त्वाचा फरक फारसा उरत नाही. हा कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलीस ठाण्यातील आणि न्यायालयातील नजर कायद्याबरोबर रद्द होत नाही.

मोकळ्या जागेचा राजकीय वापर कसा होई हे राजद्रोहाच्या कलमात स्वच्छ दिसते. १२४-अ कलमाखाली नुसत्या दंडापासून आजन्म काळ्या पाण्यापर्यंत काहीही देता येई. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. त्याच वर्षी इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ पत्राच्या संपादकाला साताऱ्याच्या सेशन्स जज्जाने त्याच कलमाखाली आजन्म काळे पाणी सुनावले. मुंबई उच्च न्यायालयाने तिला मोठी कात्री लावली. १९०८ मध्ये टिळकांवर दुसरा खटला झाला. ज्यूरीचा कौल सात विरुद्ध दोन असा पडला आणि न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी दोन आरोपांवर तीन-तीन वर्षे लागोपाठ, म्हणजे सहा वर्षे काळे पाणी आणि तिसऱ्यावर एक हजार रुपये दंड ठोठावला. सरकारने पुढे दंड सोडला आणि साधी कैद करून त्यांना मंडालेला पाठवले. याच लाटेत ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना एकोणीस महिने झाले. गुन्हा एकच, लिहिणे. महिन्यांची आणि वर्षांची ही उतरंड लेखातील शब्दांपेक्षा सरकारला कोणाची किती धास्ती होती त्यावरून अधिक समजते.

या मालिकेतील सर्वांत बोलका निकाल मात्र १८ मार्च १९२२ चा, अहमदाबादचा. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यात होते. महात्मा गांधींनी गुन्हा कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा मागितली. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे खरा प्रश्न फक्त मापाचा उरला. त्यांनी तो उघडपणे मांडला: आरोपी सामान्य माणूस नाही, त्याच्या हेतूबद्दल शंका नाही, पण कायदा माणसा-माणसांत भेद करत नाही. मग त्यांनी टिळकांचा १९०८ चा खटला नमुना म्हणून पुढे ठेवला, या कलमाखाली टिळकांना अखेर सहा वर्षांची साधी कैद भोगावी लागली होती असे सांगितले आणि तेवढीच शिक्षा दिली. टिळकांच्या पंक्तीला बसवले हा आपला गौरव आहे, असे उत्तर गांधींनी दिले. सहआरोपी शंकरलाल बँकर यांना एक वर्ष कैद आणि दंड झाला. कलम अन्यायाचे होते यात शंका नाही. तरीही शिक्षा कशी ठरवली हे न्यायाधीशाने आरोपीला समोरासमोर समजावून सांगावे, आधीच्या निकालाशी ताडून दाखवावे, ही गोष्ट त्या काळच्या निकालांत विरळा होती.

शिक्षेचे प्रकारही याच काळात बदलत होते. फटक्यांची शिक्षा १८६४ च्या कायद्याने दिली जाई. ती १९५५ मध्ये बंद झाली. मुंबई इलाख्याने अल्पवयीन तरुणांसाठी १९२९ मध्ये बोर्स्टल शाळांचा कायदा केला आणि १९३८ मध्ये परिवीक्षेचा, म्हणजे तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सोडण्याचा. केंद्राचा असा कायदा त्यानंतर वीस वर्षांनी, १९५८ मध्ये आला. त्याच्या सहाव्या कलमाने एकवीस वर्षांखालील तरुणाला कैद द्यायचीच असेल तर कारण लिहिणे न्यायालयावर बंधनकारक केले.

कारण लिहिण्याची ही अट या इतिहासातील कळीची गोष्ट आहे. १८९८ च्या प्रक्रिया संहितेत खुनाच्या खटल्यात फाशी हा नियम होता. फाशी न देता काळे पाणी दिले तर न्यायाधीशाला कारण द्यावे लागे. १९५५ च्या दुरुस्तीने ही अट गेली आणि दोन्ही शिक्षा एका पातळीवर आल्या. १९७३ च्या नव्या संहितेने पारडे पूर्ण उलटवले. ३५४(३) कलमाप्रमाणे जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी द्यायची असेल तर ‘विशेष कारणे’ नोंदवावी लागू लागली. २३५(२) कलमाने दोषी ठरल्यानंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे स्वतंत्र म्हणणे ऐकण्याची पायरी आणली. पंचाहत्तर वर्षांत जीव घेण्यासाठी कारण लागत नाही इथपासून जीव घेण्यासाठी विशेष कारण लागते इथपर्यंत कायदा आला. खुनाच्या व्याख्येतला एक शब्द न बदलता हे झाले.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे १९८० मध्ये बचनसिंग खटल्यात चार विरुद्ध एक मताने फाशी घटनेशी सुसंगत ठरवली, पण ती ‘विरळातील विरळ’ प्रकरणात आणि दुसरा पर्याय निःसंशय बंद झाला असेल तरच, असे बजावले. गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही पाहावेत, वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता तपासावी, हे त्यात आले. असहमत न्यायमूर्ती भगवती यांचे म्हणणे असे की अशी कसोटी शेवटी न्यायाधीशाच्या मनोवृत्तीवर जाऊन थांबते. त्यांना फार वाट पाहावी लागली नाही. १९८३ मध्ये मच्छीसिंग खटल्यात तीन न्यायाधीशांनी फाशीयोग्य गुन्ह्यांचे पाच वर्ग केले, आणि नजर पुन्हा गुन्हेगारावरून गुन्ह्याकडे वळली. त्यानंतर ज्या खंडपीठाला जे वचन जवळचे वाटले ते त्याने धरले.

परिणाम किती भयंकर होऊ शकतो हे १९८२ च्या हरबंससिंग प्रकरणात दिसून आले होते. एकाच हत्याकांडात तिघांना फाशी झाली. तिघांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेले. एकाची फाशी जन्मठेपेवर आली. दुसऱ्याचा अर्ज फेटाळला गेला आणि १९८१ मध्ये तो फासावर गेला. तिसऱ्याचा अर्जही आधी फेटाळला गेला होता, पण ही विसंगती शेवटच्या क्षणी नजरेस आली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने राष्ट्रपतींकडे त्याची शिक्षा कमी करण्याची शिफारस केली. फासावर गेलेल्याच्या बाबतीत करण्यासारखे काही उरले नव्हते.

महाराष्ट्रातील उदाहरण याहून अस्वस्थ करणारे आहे. नाशिक जिल्ह्यात २००३ मध्ये एका कुटुंबातील पाच जणांची निर्घृण हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर पकडले गेले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये सहाही जणांना पुन्हा फाशी दिली, आणि त्यासाठी १९९६ च्या एका निकालाचा आधार घेतला, ज्यात गुन्हेगारापेक्षा गुन्हाच पाहावा असे म्हटले होते. दोनच आठवड्यांनी, मे २००९ मध्ये, पुण्यातील एका अपहरण व खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने तो १९९६ चा निकाल बचनसिंगशी विसंगत असल्याने चुकीचा ठरवला आणि फाशी रद्द केली. २०१२ मध्ये नाशिकच्या सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असे निष्पन्न झाले. मार्च २०१९ मध्ये फेरविचारात सहाही जण निर्दोष सुटले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. तोवर सोळा वर्षे गेली होती. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल आढळले, ते अशा खटल्यांकडे पाहिले की आश्चर्याचे वाटत नाही. चांगला वकील, वेळेवर मिळालेला वयाचा दाखला, कुटुंबाची माहिती न्यायालयापर्यंत नेणारे कोणी, हे सर्व पैशाने आणि ओळखीने येते, आणि शिक्षेच्या मापात ते फार मोठे ठरते.

फाशीच्या खटल्यांवर लक्ष असते म्हणून ही तफावत तिथे डोळ्यांत भरते. रोजच्या खटल्यांत ती कमी नाही. मुंबईत कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली आणि सात जण मेले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचे कलम लावून सहा महिने कैद आणि पाच लाख रुपये दंड दिला. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम लावून तीन वर्षे केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम करताना तीन वर्षेही कमीच असल्याचे म्हटले. येथे शिक्षा बदलली ती कलम बदलल्यामुळे. शिक्षेतील पुष्कळशी तफावत निकालाच्या दिवशी जन्मत नाही. पोलिसांनी कोणते कलम लावले आणि न्यायालयाने कोणते मानले इथेच ती ठरून गेलेली असते.

कायदेमंडळाने यावर काढलेला सोपा उपाय म्हणजे किमान शिक्षा. त्यामागेही विदर्भातील एक प्रकरण आहे. देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या, मथुरा खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले. नागपूर खंडपीठाने एकाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघांना निर्दोष ठरवले. देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. बलात्काराला किमान सात वर्षे, कोठडीतील बलात्काराला किमान दहा वर्षे आली. पुरेशी व विशेष कारणे लिहून त्याखाली जाण्याची मुभा मात्र ठेवली. ही मुभा इतक्या सैलपणे वापरली गेली की २०१३ मध्ये ती काढून टाकावी लागली. किमान शिक्षा वाढवली की तफावत कमी होते हे अंशतःच खरे. शिक्षा फार कडक वाटू लागली की न्यायाधीश दोषसिद्धीलाच कचरतो, ही धास्ती जुनी आहे आणि निराधार नाही.

शिक्षा सुनावल्यावरही माप संपत नाही. जन्मठेप म्हणजे आयुष्यभर, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. प्रत्यक्षात सुटका राज्य सरकारच्या सूट-धोरणावर ठरते. १९७८ पासून खुनासारख्या गुन्ह्यांत चौदा वर्षांआधी सोडता येत नाही. त्यापुढे महाराष्ट्राने २०१० च्या धोरणात गुन्ह्याच्या स्वरूपानुसार वर्षांचे वर्ग पाडले; इतर राज्यांचे हिशेब वेगळे. गुजरातेतील २००२ च्या दंगलीतील एका खटल्याची सुनावणी मुंबईत झाली होती. गुजरात सरकारने त्यातील जन्मठेपेच्या कैद्यांना सोडले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ते आदेश रद्द केले, कारण जिथे शिक्षा झाली त्या महाराष्ट्राचाच तो अधिकार होता. मेकॉलेच्या आयोगाने इलाख्या-इलाख्यांतला जो फरक दाखवला होता तो आता तुरुंगाच्या फाटकापाशी उभा आहे.

शिक्षेसाठी लेखी मार्गदर्शक सूत्रे असावीत अशी शिफारस मळीमठ समितीने २००३ मध्ये केली. ती अमलात आली नाही. इंग्लंडने मंडळ नेमून अशी सूत्रे केली. अमेरिकेने १९८० च्या दशकात गुणांकनाचे कोष्टक केले आणि ते इतके आवळले गेले की २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला ते फक्त सल्ल्यापुरते ठेवावे लागले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी वाट घेतली आहे. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील एका खटल्यात त्याने सत्र न्यायालयांना सांगितले की फाशीच्या प्रकरणात आरोपीची कौटुंबिक, आर्थिक व मानसिक पार्श्वभूमी आणि तुरुंगातील वर्तन यांची माहिती सरकारकडून सुरुवातीलाच मागवावी. सप्टेंबर २०२२ मध्ये सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने शिक्षेच्या सुनावणीला किती वेळ द्यावा, तीत काय तपासावे, हा प्रश्न पाच न्यायाधीशांकडे सोपवला. दोष ठरल्याच्याच दिवशी दुपारी वकिलाने ‘आरोपीला लहान मुले आहेत’ एवढे सांगायचे आणि संध्याकाळी शिक्षा व्हायची, ही प्रथा मोडायची तर हीच वाट जास्त खात्रीची वाटते. कोष्टक न्यायाधीशाला बांधते. माहिती आणि लेखी कारण त्याला उत्तरदायी करते, आणि वरच्या न्यायालयाला तपासायला काहीतरी हाती देते.

जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिने अनेक गुन्ह्यांच्या किमान शिक्षा वाढवल्या आणि समाजसेवा ही नवी शिक्षा आणली. पाच हजार रुपयांखालील चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल परत केलेला, अशा चोराला आता तुरुंगाऐवजी समाजसेवा करावी लागेल. बदनामी, सार्वजनिक जागी दारू पिऊन केलेले गैरवर्तन अशा आणखी काही अपराधांतही ती देता येते. ही सेवा लोकांच्या उपयोगाची आणि बिनमोबदला असावी, इतके नव्या प्रक्रिया संहितेत म्हटले आहे. ती किती तासांची, कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, हे तिथे लिहिलेले नाही. ते ठरवणे मॅजिस्ट्रेटकडे आहे.